पेल्यात न मावणारे गाव

२०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपर मार्केट व मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा महाराष्ट्रात उठलेले वादळ वाचकांच्या स्मरणात असेल. विरोध इतका झाला की तो निर्णय त्या वेळी अमलात येऊ शकला नाही. निर्णय मागे पडला, पण त्याच्या समर्थनासाठी जुळवलेला युक्तिवाद मात्र सभा-संमेलनांतून अजून सुखेनैव संचार करतो आहे. वाइन म्हणजे दारू नव्हे, ती संस्कृती आहे. युरोपातील नदीकाठची चिमुकली गावे वाइनवर संपन्न झाली. आणि आम्ही मात्र सोवळे-ओवळे सांभाळत दारिद्र्यात बसलो आहोत, असा त्याचा मथितार्थ.

काही महिन्यांपूर्वी एका परिसंवादात हाच युक्तिवाद पडद्यावरील चित्रांसह ऐकण्याचा योग आला. वक्ते व्यासंगी होते, भाषा ओघवती होती. नदी, नदीवर उतरत आलेले द्राक्षांचे मळे, मध्ये एक निळ्या-पांढऱ्या रंगाचा चर्चचा मनोरा, आणि अग्रभागी वाइनचा पेला असे एक चित्र त्यांनी दाखवले. "हा वारसा पाहा, आणि आपण काय करतो ते पाहा," असे ते म्हणाले. सभागृहाने टाळ्या दिल्या. मी तो मनोरा ओळखला. तो ऑस्ट्रियातील ड्युर्नश्टाइन गावचा. तिथून नदीने वर थोड्याच अंतरावर असलेल्या श्पित्स नावाच्या गावात मी त्याआधीच्या शरद ऋतूत चार दिवस राहून आलो होतो. वक्त्यांच्या चित्रात जे होते ते खोटे नव्हते. पण त्या गावाचे जे खरे बळ आहे, ते त्या चित्रात कोठेच नव्हते. हा लेख त्यासाठी.

मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त व्हिएन्नात असतात. त्यांच्यासोबत व्हिएन्नाहून रेल्वेने क्रेम्सपर्यंत आणि तेथून नदीकाठच्या बसने श्पित्सला गेलो. मेल्क ते क्रेम्स या सुमारे ३५ किलोमीटरच्या टप्प्यात डॅन्यूब नदी डोंगर कापत वाहते. या खोऱ्याला वाखाऊ म्हणतात. (डॅन्यूब आणि वेदातील 'दानु' हे शब्द एकाच कुळातले आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. आपल्याकडील काही उत्साही मंडळी तेवढ्यावरच यात्रा सुफळ संपूर्ण झाली असे मानतात. असो.) श्पित्सची लोकसंख्या दोन हजारांच्याही आत. गावाच्या मधोमध एक टेकडी आहे, तिला 'हजार बादल्यांची टेकडी' असे नाव. चांगल्या सालात त्या टेकडीवरून हजार बादल्या द्राक्षरस निघतो अशी ख्याती, म्हणून हे नाव. टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत द्राक्षवेली आहेत. पायथ्याशी गाव, गावात संत मॉरिशसचे जुने चर्च, वरच्या अंगाला हिंटरहाउस नावाच्या गढीचे अवशेष.

पहिल्या दिवशी डोळे वेलींवर होते. दुसऱ्या दिवशी ते भिंतींवर गेले, आणि मग उरलेले दिवस भिंतींवरून हललेच नाहीत.

हे मळे सपाटीवर नाहीत. उभ्या चढावर एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखी अरुंद खाचरे आहेत आणि प्रत्येक खाचर तोलून धरणारी दगडी भिंत आहे. या भिंतीत चुना नाही, सिमेंट नाही, माती नाही. दगडावर दगड, सांध्यावर सांधा येणार नाही अशा बेताने बसवलेला. आमच्या कोकणात अशा बांधकामाला गडगा म्हणतात, देशावर ताल म्हणतात. म्हणजे वस्तू आपल्याला परकी नाही. मध्ययुगात बव्हेरियातील मठांनी या खोऱ्यात जमिनी मिळवल्या आणि जंगल तोडून ही खाचरे पाडायला सुरुवात केली. श्पित्सची जमीनही शतकानुशतके नीडरआल्टाइख या बव्हेरियन मठाकडे होती. मठाची सत्ता गेली, राजे गेले, साम्राज्य गेले. भिंत उभी आहे. ती उभी का आहे, हा खरा प्रश्न.

उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच ते चित्रात दाखवता येत नाही. ती दर वर्षी कोठे ना कोठे पडते आणि दर वर्षी कोणीतरी ती पुन्हा रचतो. मोठा पाऊस झाला की भिंतीच्या पोटात पाणी साचते. चुन्याची भिंत असती तर पाणी अडून सगळीच ढासळली असती. कोरड्या भिंतीतून ते झिरपून जाते, आणि फार झाले तर चार-सहा हात लांबीचा तुकडा पोट सोडून खाली येतो. मग त्याच घरातली माणसे तेच दगड उचलून पुन्हा बसवतात. चढ असा की ट्रॅक्टर जात नाही. छाटणी हाताने, तोडणी हाताने, भिंतही हाताने. उन्हात तापलेला दगड रात्री ऊब सोडतो, ती वेलीला लागते. म्हणजे भिंत माती धरते तशी फळही पिकवते. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो ते गृहस्थ पंचाहत्तरीकडे झुकलेले. त्यांना मी मुलीमार्फत विचारले, की एवढा खटाटोप परवडतो का? ते काही वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "हिशेब मांडला तर परवडत नाही. म्हणून आम्ही भिंतीचा हिशेब वेगळा मांडत नाही." कोरडी भिंत रचण्याची ही विद्या २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या सूचीत गेली, आणि २०२४ मध्ये तिच्यात ऑस्ट्रियाचे नाव समाविष्ट झाले. पण त्याआधी कित्येक वर्षे क्रेम्सच्या परिसरात तरुणांना ती रीतसर शिकवली जात होती. सूचीत नाव येण्याची वाट पाहत कोणी हातावर हात ठेवून बसले नव्हते.

आता नदीकडे वळू. श्पित्सच्या काठावरून पलीकडच्या आर्न्सडॉर्फला जाण्यासाठी एक तर आहे. मोटारगाड्यासुद्धा तीत चढतात. पण तिला इंजिन नाही. नदीच्या आरपार वर एक दोर ताणलेला आहे, तर त्याला बांधलेली असते. नावाडी तिचा कोन प्रवाहाला तिरका धरतो आणि वाहते पाणीच तिला पैलतीरी ढकलते. परत येताना कोन उलटा. आवाज नाही, धूर नाही. तीन वेळा मी विनाकारण या काठावरून त्या काठावर गेलो आणि परत आलो. जावयाने घड्याळ पाहिले, पण सासऱ्याला काय बोलणार!

ही तर आज चालते याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाने डॅन्यूबवर वीजनिर्मितीच्या बंधाऱ्यांची मालिकाच उभारली. १९५९ मध्ये इब्स-पेर्झेनबोइग, १९६४ मध्ये आशाख, १९७६ मध्ये खालच्या बाजूला आल्टेनवोर्थ, १९८२ मध्ये वरच्या बाजूला मेल्क. या दोहोंच्या मध्ये उरले ते वाखाऊ, आणि तिथेही एका प्रकल्पाचा आराखडा तयार होता. तो झाला असता तर वाहती नदी तुंबून सरोवर झाली असती, काठ बदलले असते आणि इंजिनाविना चालणारी तर संग्रहालयात गेली असती. १९७२ मध्ये स्थानिकांनी वाखाऊच्या रक्षणासाठी कृतिगट स्थापन केला. दहा-बारा वर्षे हा लढा चालला आणि अखेर तो बेत सोडून देण्यात आला. आज ऑस्ट्रियात डॅन्यूब मुक्तपणे वाहते अशी दोनच ठिकाणे उरली आहेत. एक वाखाऊ आणि दुसरे व्हिएन्नाच्या खाली.

येथे एका गोष्टीची नोंद आवर्जून घेतली पाहिजे, कारण आपल्याकडे अशा लढ्यांवर 'विकासविरोधी' हा शिक्का मारायला वेळ लागत नाही, आणि दुसरीकडे प्रत्येक प्रकल्पाला डोळे मिटून विरोध करणारे व्यावसायिक आंदोलकही कमी नाहीत. ऑस्ट्रिया हा पाण्यावर वीज करणारा देश आहे. त्याची निम्म्याहून अधिक वीज आजही पाण्यापासूनच येते. वाखाऊच्या लोकांनी वीज नको असे म्हटले नाही. इतर सर्व ठिकाणी झालेल्या बंधाऱ्यांची वीज तेही वापरतात. मात्र सगळी नदी विकायची नसते, तिचा काही भाग राखायचा असतो, एवढा विवेक त्यांनी दाखवला. आणि ज्यांनी तो दाखवला ते त्याच काठावर राहणारे, त्याच मातीत हात घालणारे लोक होते.

वाइनची कथाही याच धाग्याची आहे. १९८३ मध्ये वाखाऊतील काही उत्पादकांनी एकत्र येऊन 'व्हिनेया वाखाऊ' ही संघटना काढली. द्राक्ष याच खोऱ्यातले असले पाहिजे, बाहेरचे चालणार नाही, हा पहिला दंडक. मद्यार्काच्या प्रमाणानुसार तीन प्रती ठरवल्या. सर्वांत हलकी श्टाइनफेडर. हे नाव भिंतींच्या आसपास उगवणाऱ्या पिसासारख्या गवताचे. मधली फेडरश्पील, हा ससाण्याच्या शिकारीतला शब्द. सर्वांत भारी स्माराग्ड, म्हणजे भिंतींवर ऊन खात पडणारा पाचूरंगी सरडा. म्हणजे गुणवत्तेला नाव दिले तेही गवताचे आणि सरड्याचे! २००६ मध्ये त्यांनी आपला एक लेखी संहिता-ग्रंथच केला आणि साखर घालणार नाही, कृत्रिम वास देणार नाही अशी बंधने स्वतःवर घालून घेतली. कोणत्याही मंत्रालयाने हे लादलेले नव्हते.

या आत्मसंयमाची किंमत दोनच वर्षांत कळली. १९८५ मध्ये ऑस्ट्रियातील काही उत्पादकांनी वाइन गोड व भरदार लागावी म्हणून तीत डायएथिलीन ग्लायकोल हे रसायन मिसळल्याचे उघडकीस आले. जगभर हलकल्लोळ झाला, निर्यात कोसळली, सरकारला घाईघाईने अत्यंत कडक कायदा करावा लागला. झटपट पैशाच्या मागे लागलेल्यांनी संपूर्ण देशाच्या नावाला काळिमा फासला. वाखाऊच्या लोकांकडे तेव्हा दाखवण्यासाठी जाहिरात नव्हती, पण दोन वर्षे आधी स्वेच्छेने स्वीकारलेला नियम होता.

'वाइन म्हणजे संस्कृती' म्हणणाऱ्या आमच्या वक्त्यांनी यातले एक अक्षरही सांगितले नाही. सांगणार तरी कसे? यातून निघणारा निष्कर्ष त्यांना सोयीचा नाही. किराणा दुकानातल्या डाळ-तांदळाच्या फडताळाशेजारी बाटली ठेवली की वाखाऊ होत नाही. त्या खोऱ्यातसुद्धा वाइन पिण्याच्या जागेला मर्यादा आहे. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये शेतकऱ्याला स्वतःच्या घरी स्वतःच्या मळ्यातले उत्पादन विकण्याची मुभा दिली. त्यातून 'होयरिगर' ही प्रथा रूढ झाली. शेतकरी वर्षातले काही आठवडेच आपले अंगण उघडतो. उघडे आहे याची खूण म्हणून दारावर हिरव्या फांद्यांची जुडी टांगतो. जुडी उतरली की अंगण बंद. आम्ही अशाच एका अंगणात संध्याकाळी बसलो. आजोबा, सून, नातवंडे, शेजारी, सगळे लाकडी बाकांवर. समोर पाव, चीज, मुळ्याच्या चकत्या. मी जर्दाळूचा रस मागितला. या खोऱ्याचा जर्दाळू तर द्राक्षाइतकाच नावाजलेला. त्याच्या नावाला युरोपीय महासंघाचे कायदेशीर संरक्षण आहे. वाढणाऱ्या मुलीने रस आणून ठेवला. मी वाइन का घेत नाही असे चार दिवसांत मला तिथे एकाही माणसाने विचारले नाही. हा प्रश्न मला केवळ पुण्या-मुंबईच्या मेजवान्यांत विचारला जातो.

कोणी म्हणेल, लेखक परदेशी गावाच्या प्रेमात पडला. तसे नाही. ऑस्ट्रियात दारूच्या व्यसनाचा प्रश्न गंभीर आहे. मद्यसेवनात तो देश युरोपातही वरच्या रांगेत गणला जातो, आणि सुंदर पेल्याने तो प्रश्न सुटलेला नाही. स्वतः वाखाऊही निर्दोष नाही. ड्युर्नश्टाइनला मोठमोठी प्रवासी जहाजे लागतात. सकाळी दहा ते चार त्या एका गल्लीत पाय ठेवायला जागा नसते आणि संध्याकाळी कुत्रेही दिसत नाही. इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड याला ११९२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रियाचा ड्यूक लिओपोल्ड पाचवा याने धर्मयुद्धाहून परतताना पकडले आणि याच गावावरच्या किल्ल्यात कोंडले. एका ख्रिस्ती राजाने दुसऱ्या ख्रिस्ती राजाला, तेही ज्या युद्धात दोघे एका बाजूने लढले त्यावरून परतताना धरावे आणि चांदीच्या प्रचंड खंडणीसाठी पुढे सम्राटाच्या हवाली करावे, हा इतिहास खरोखर विचार करायला लावणारा. पण दुकानांत तो पेल्यावरच्या आणि चुंबकावरच्या चित्रापुरता उरला आहे. किल्ला १६४५ मध्ये स्वीडिश सैन्याने उद्ध्वस्त केला. भग्नावशेषांपर्यंत चढून जाणारे थोडे, खाली चुंबक घेणारे फार.

श्पित्सहून नदीने वर थोडे गेले की विलेनडॉर्फ हे खेडे लागते. १९०८ मध्ये रेल्वेमार्गाचे काम चालू असताना तिथे चुनखडीची, अकरा सेंटिमीटर उंचीची एक स्त्रीमूर्ती सापडली. सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची ही मूर्ती जगभर पाठ्यपुस्तकांत छापली जाते. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात, गावात तिची प्रतिकृती. आणि ज्या रेल्वेमार्गामुळे ती सापडली त्याची गत काय? २०१० च्या अखेरीस त्या मार्गावरची नियमित प्रवासी वाहतूक बंद झाली. आता तिथे हंगामात पर्यटकांच्या गाड्या धावतात. शाळकरी मुलाने आणि आजारी म्हाताऱ्याने बस पकडावी, पर्यटकाने मात्र खिडकीतून देखावा पाहत रेल्वेने जावे. वारशाच्या नावाने पर्यटन शिरले की ते प्रथम गावकऱ्याची जागा घेते, याचे याहून बोलके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

हे सर्व आज लिहिण्याचे एक कारण आपल्या घरचे आहे. २०२५ च्या जुलैमध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आणि मराठा इतिहासाच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला. अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतील जिंजी. ऊर भरून यावा असाच तो क्षण होता आणि गावोगाव तो साजरा झाला, हे योग्यच झाले. पण त्या आनंदात क्रम विसरू नये. वाखाऊला युनेस्कोचा मान २००० मध्ये मिळाला. त्याच्या आधी १९९४ मध्ये युरोपचे निसर्गरक्षणाचे प्रशस्तिपत्र, त्याच्या आधी १९८३ चा वाइनचा दंडक, त्याच्या आधी १९७२ चा नदीरक्षणाचा लढा, आणि या सर्वांच्या मागे कित्येक शतकांचे दगड रचणारे हात. शिक्का सर्वांत शेवटी आला. आपल्याकडे शिक्का आधी आला आहे. गडाच्या पायथ्याच्या गावातल्या माणसाला आता काय सांगितले जाते आहे? रिसॉर्ट येतील, रोपवे येतील, वाहनतळ येतील, जमिनीला भाव येईल. बुरुजाचा ढासळलेला दगड पुन्हा कसा बसवायचा, हे त्याच्या मुलाला कोण शिकवणार, याबद्दल मात्र सारे सामसूम.

पन्हाळगडावर लोक राहतात. नामांकनाच्या काळात तेथील रहिवाशांनी घरबांधणीवर, धंद्यावर निर्बंध येतील या भीतीने विरोध व्यक्त केला, तेव्हा समाजमाध्यमांवरच्या शिवप्रेमींनी त्यांच्यावर तोंडसुख घेतले. शहरातल्या वातानुकूलित खोलीत बसून गडावरच्या माणसाला गडप्रेम शिकवणारे हे कोण? वाखाऊतील शेतकऱ्यांच्याही तक्रारी आहेत. छपराचा रंग बदलायचा तरी विचारावे लागते, असे आमचे यजमान कुरकुरत होते. पण ते कुरकुरतात आणि राहतात, कारण नियम ठरवणाऱ्या बैठकीत त्यांचाच शेजारी बसलेला असतो. पन्हाळ्याच्या रहिवाशांना तशी खुर्ची मिळाली का, हे शासनाने आणि आपल्यासारख्या दुर्गप्रेमी संस्थांनीही स्वतःला विचारावे. वर्षातून एकदा गडावर जाऊन घोषणा देणे सोपे असते. एका पडलेल्या तटाचे दहा हात, पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन, जाणकार गवंड्याच्या हाताखाली दर वर्षी रचणे याला चिकाटी लागते. काही दुर्गसंवर्धन मंडळांचे तरुण हे काम प्रसिद्धीविना करीत आले आहेत. त्यांची चित्रे मात्र कोणत्याही परिसंवादाच्या पडद्यावर झळकत नाहीत.

नाशिकच्या द्राक्ष बागाईतदाराबद्दलही एक शब्द. त्याच्या कष्टाबद्दल कोणाला शंका नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, अवकाळी पाऊस, गारपीट, निर्यातीच्या कसोट्या; हे सारे तो सोसतो. त्याच्या नावाने वाइनचा पुरस्कार करणाऱ्यांनी त्याला वाखाऊसारखा स्वतःचा दंडक ठरवण्याचा अधिकार द्यावा, भाव ठरवण्यात वाटा द्यावा, मग संस्कृतीच्या गोष्टी कराव्यात. विक्रीचे फडताळ वाढवून त्याच्या पदरात काय पडणार, याचा हिशेब अजून कोणी मांडून दाखवलेला नाही.

परिसंवाद संपल्यावर चहाच्या वेळी मी त्या वक्त्यांना भेटलो. आपणही त्या भागात जाऊन आलो हे सांगितले. त्यांचा चेहरा उजळला. "मग काय, कशी वाटली तिथली वाइन?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "घेतली नाही. भिंती पाहिल्या." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग हसून चहाचा कप घेऊन दुसऱ्या घोळक्याकडे वळले.